उदाहरण, ताळा आणि पडताळा

पदार्थविज्ञानाचे उदाहरण सोडवण्याची एक ठरलेली रीत मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वहीत आधी ‘दिलेले’ लिहायचे, त्याखाली ‘काढायचे’, मग सूत्र, मग किमती घालून आकडेमोड आणि शेवटी खाली दुहेरी रेघ ओढलेले उत्तर. उत्तरापुढे एकक हवेच. एकक राहिले की अर्धा गुण गेला, हे वाक्य ऐकल्यावाचून कोणी माजी विद्यार्थी शाळेबाहेर पडला असेल असे वाटत नाही. ही रीत टाकाऊ मुळीच नव्हे. गोंधळलेल्या मुलाला ती हाताला धरून पहिले पाऊल टाकायला लावते, आणि परीक्षेत घाम फुटलेला असताना तिचाच आधार असतो. मात्र तिच्यात एक जागा कोरी राहते. अंकगणितात उत्तर आल्यावर ताळा करून पाहण्याची शिस्त जुन्या शिक्षकांनी लावली होती. पदार्थविज्ञानाच्या उत्तराचा ताळा कोठे करायचा? बहुतेक मुले पुस्तकाची शेवटची पाने उलटतात. उत्तरसूचीशी आकडा जुळला की विषय संपला.

एक साधे उदाहरण घेऊ. चेंडू १९.६ मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती उंच जाईल? गुरुत्व त्वरण ९.८ धरले की उंची १९.६ मीटर येते आणि तेथे पोहोचण्यास २ सेकंद लागतात. नववीतला बरा विद्यार्थी हे पाच ओळींत लिहितो. त्यालाच विचारावे, की सर्वोच्च बिंदूवर त्या क्षणी चेंडूचे त्वरण किती? ‘शून्य’ हे उत्तर वर्गाच्या अनेक बाकांवरून एकदम येते. वेग शून्य आणि वेगात होणारा बदलही शून्य, असे असते तर चेंडू तेथेच अधांतरी लटकून राहायला हवा, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. चेंडू खाली का आला, असे पुढे विचारले तर मुले म्हणतात, ‘त्यातला जोर संपला.’ हा ‘जोर’ पाठ्यपुस्तकात कोठेही नाही. तो घरातून, अंगणातून, क्रिकेटच्या मैदानातून आलेला आहे. आणि गंमत अशी की युरोपातील मध्ययुगीन विद्वानही फेकलेल्या वस्तूत असा भरलेला जोर मानीत होते. गॅलिलिओ आणि न्यूटन यांना त्या कल्पनेशी झगडावे लागले. सूत्र पाठ झाले म्हणून तो जोर मुलाच्या मनातून जात नाही. तो सूत्राच्या शेजारी मुकाट्याने बसून राहतो. शिवाय १९.६ मीटर म्हणजे सुमारे सहा मजले आणि तो वेग म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर, हेही उत्तराखाली रेघ मारताना कोणी मनात आणत नाही.

उदाहरण सुटणे आणि विज्ञान कळणे या दोहोंत एवढे अंतर कसे पडले, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते. मराठीत आधुनिक पदार्थविज्ञानाचा आरंभ झाला तेव्हा हे अंतर इतके नव्हते.

१८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे आद्य मराठी पत्रकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. ते एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे अध्यापक होते, १८४० मध्ये त्यांनी काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकात शास्त्रीय विषय मराठीतून मांडले जात, आणि कुलाब्याच्या वेधशाळेशीही त्यांचा संबंध होता, हे तुलनेने कमी जणांना माहीत असते. त्याच एल्फिन्स्टनमध्ये पुढे दादाभाई नौरोजी गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवू लागले. देशाच्या दारिद्र्याचा आकड्यांनी हिशेब मांडणारा हा पुरुष मुळात पदार्थविज्ञानाचा शिक्षक होता, ही गोष्ट या विषयाच्या प्रत्येक शिक्षकाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

तथापि या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव केरो लक्ष्मण छत्रे यांचे. त्यांचा जन्म १८२५ मध्ये अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते कुलाब्याच्या वेधशाळेत कामास लागले. तेथे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली हवामानाची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे चालत. आज ज्या वयात मूल दहावीच्या सरावपत्रिका सोडवीत असते, त्या वयात हा मुलगा उपकरणावरचा काटा वाचून आकडा लिहीत होता. त्या आकड्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नव्हते. तो बरोबर की चूक, हे पुन्हा वाचून, दुसऱ्या वाचनाशी ताडून, उपकरणात काही दोष तर नाही ना हे पाहूनच ठरवायचे होते. (याच वेधशाळेचे चुंबकीय काम पुढे, मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्यामुळे, १९०४ मध्ये अलिबागेस हलवण्यात आले. केरूनानांच्या जन्मगावाच्या शेजारी ते गेले, हा योगायोग.)

पुढे केरूनाना पुण्यास कॉलेजात गणित आणि सृष्टिशास्त्राचे अध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. परंतु वर्गातल्या अध्यापनापेक्षाही त्यांचे पंचांगाचे काम येथे अधिक बोलके आहे. महाराष्ट्रातील पंचांगे त्या काळी प्रामुख्याने गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. हा ग्रंथ १५२० चा. गणित सुटसुटीत करण्यात गणेश दैवज्ञांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण सव्वातीनशे वर्षांत बारीकसारीक फरक साठत गेले होते. पंचांगात छापलेली ग्रहाची जागा आणि आकाशात दिसणारी जागा, छापलेली ग्रहणाची वेळ आणि प्रत्यक्ष स्पर्शाची वेळ जुळेनाशी झाली होती. पंचांगकर्त्यांच्या आकडेमोडीत चूक नव्हती. दिलेल्या सूत्रांनी दिलेले उत्तर बिनचूक येत होते. चूक होती ती आकाशाशी जुळण्यात. केरूनानांनी नव्या युरोपीय कोष्टकांच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला, आणि आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ मध्ये जे नवे पंचांग सुरू झाले, ते ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखले गेले.

हे पंचांग लोकांनी डोक्यावर घेतले, असे मात्र झाले नाही. राशिचक्राचा आरंभबिंदू त्यात निराळा धरला होता, त्यामुळे संक्रांती आणि अधिकमास यांत रूढ पंचांगांपेक्षा अंतर पडे. आणि सणवार ज्यावर अवलंबून आहेत ते पंचांग कोणी एका गणिताच्या प्राध्यापकाच्या शब्दावरून बदलावे, हे बहुतेकांना रुचले नाही. या वादात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते, आणि ते वेगळे ओळखणे आजच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडेल. ग्रहण केव्हा लागेल, हा प्रश्न आकाशाला विचारता येतो. घड्याळ घेऊन गच्चीत उभे राहिले की उत्तर मिळते. राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावा, हा मात्र पुष्कळ अंशी संकेताचा प्रश्न आहे. तो परंपरा, सोय आणि संमती यांनी सुटतो, दुर्बिणीने सुटत नाही. विज्ञान कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते आणि कोणत्या प्रश्नाचे नाही, याचा इतका सुंदर धडा मराठीत दीडशे वर्षांपूर्वी घडून गेला. एकाही पाठ्यपुस्तकाने त्याचा लाभ घेऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

केरूनानांच्या मागून शंकर बाळकृष्ण दीक्षित आले. ते व्यवसायाने शाळाशिक्षक. ‘ज्योतिर्विलास’ हे त्यांचे सुबोध पुस्तक १८९२ चे, आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा थोर ग्रंथ १८९६ चा. मराठी शाळेतील शिक्षक शाळा सांभाळून जगाने दखल घ्यावी असे संशोधन करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. पण अशी माणसे थोडी. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांनी पुढे शाळांना जे वळण लावले, त्यात कुलाब्याच्या काट्यापेक्षा उत्तरपत्रिकेची किंमत मोठी ठरली. विषय लेखणीत मावेल तेवढाच शिकवला जाऊ लागला. पुष्कळ शाळांतून उपकरणांचे कपाट असे, पण काच फुटू नये म्हणून त्याला कुलूप असे, आणि किल्ली सापडेपर्यंत तास संपलेला असे. शाळेबाहेर मराठीतली जिज्ञासा जागी ठेवण्याचे काम नियतकालिकांनी केले. पुण्याहून १९२८ मध्ये निघालेले ‘सृष्टिज्ञान’ त्यांतले अग्रगण्य.

आता हीरक महोत्सवाच्या साठ वर्षांकडे वळू. हा कालखंड या विषयाच्या दृष्टीने मोठ्या घडामोडींचा आहे. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने आपला अहवाल दिला आणि दहावीपर्यंत विज्ञान व गणित सर्वांनाच सक्तीचे असावे अशी शिफारस केली. त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. पुढच्या वर्षी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे सर्वांची ‘बालभारती’, आली. तोवर विज्ञान हा ज्याला झेपेल त्याचा विषय होता. आता तो प्रत्येक मुलाच्या दप्तरात आला, आणि ज्यांच्या घरी आधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुलेही ‘दिलेले’ आणि ‘काढायचे’ लिहू लागली.

येथे बंगळूरचा एक धागा जुळतो, आणि बोम्मसंद्र्याच्या वाचकांना तो आपला वाटावा. टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईची म्हणून प्रसिद्ध असली तरी तिचा जन्म बंगळूरचा आहे. होमी भाभा तेव्हा येथील भारतीय विज्ञान संस्थेत होते. १ जून १९४५ रोजी त्या आवारातच नव्या संस्थेचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी ती मुंबईस गेली. या संस्थेतील काही शास्त्रज्ञांना पुढे असे वाटू लागले, की मूलभूत संशोधन करणाऱ्यांनी शाळेतल्या विज्ञानाकडे पाठ फिरवून चालणार नाही. भालचंद्र उदगावकर आणि व्ही. जी. कुलकर्णी हे भौतिकशास्त्रज्ञ त्यांत पुढे होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. आरंभीची अनेक वर्षे हे केंद्र नाना चौकातील महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत होते. संशोधन संस्थेने आपले बिऱ्हाड महापालिकेच्या शाळेत थाटावे, यातच त्यांचा विचार दिसतो.

केंद्राच्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात झाला. ज्या फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्याच्या शेजारचे हे गाव. केळीच्या बागांनी वेढलेल्या या भागातील माध्यमिक शाळांचे शिक्षक एकत्र आले, स्वस्त आणि गावात मिळणाऱ्या वस्तूंतून प्रयोग करू लागले, आणि मुलांना उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न विचारू लागले. कुलूपबंद कपाटावरचा हा साधा उपाय होता. ज्या उपकरणाला कुलूप लावण्याइतकी किंमतच नाही, ते मुलाच्या हाती जाते.

त्याहूनही मोलाचे, आणि मराठी माध्यमाच्या पालकांनी मुद्दाम वाचावे असे काम कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी भाषेबाबत केले. विज्ञानात मुले मागे पडतात ती विज्ञान अवघड म्हणून, की पुस्तकाची भाषा अवघड म्हणून, असा त्यांचा प्रश्न होता. मराठी पाठ्यपुस्तकच मराठी मुलाला परके वाटत असेल तर? त्यांनी आशय तोच ठेवून भाषा सोपी केली. लांब वाक्ये मोडली, अनावश्यक बोजड शब्द काढले, आणि मुलांना वर्गात बोलू दिले. मुलांची समज सुधारली. माध्यम मराठी असले की काम झाले, असे समजणाऱ्यांना हा निष्कर्ष अंतर्मुख करणारा आहे, आणि माध्यम मराठी असल्यामुळेच मूल मागे पडेल, या भीतीलाही त्यातूनच उत्तर मिळते. महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर केंद्राने पुढे काम केले तेव्हाही हेच दिसले. योग्य भाषा, योग्य प्रश्न आणि थोडी सोबत मिळाली की शालान्त परीक्षेतील त्यांचे यश लक्षणीय वाढले. ज्याला आपण हुशारीचा अभाव म्हणतो तो पुष्कळदा संधीचा अभाव असतो, हे येथे परीक्षेच्याच मापाने सिद्ध झाले.

याच सुमारास मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांपासून १९७२ मध्ये विज्ञान शिक्षणाचा एक धाडसी प्रयोग सुरू झाला होता. टाटा संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्यात होते. मुले गटागटाने प्रयोग करीत, निरीक्षणे लिहीत, आणि परीक्षेला पुस्तक व वही उघडी ठेवून बसत. उघड्या पुस्तकाची परीक्षा म्हटले की आजही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून उतरवता येत नाही, त्या प्रश्नाला उघडे पुस्तक काय मदत करणार? पुढे सुमारे १,००० शाळांपर्यंत पसरलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. तीस वर्षे चाललेला उपक्रम एका निर्णयाने थांबला, याची चुटपुट शिक्षणक्षेत्रात अजून आहे.

दरम्यान सूत्र आणि समज यांच्यातले अंतर ही केवळ आपल्याकडची व्यथा नव्हे, हे जगभर दिसू लागले होते. अमेरिकेत ॲरिझोना येथील हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनेवर एक चाचणी तयार केली. तीत आकडेमोड नाहीच. फक्त ‘काय होईल’ असे साध्या भाषेतले प्रश्न. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकून उत्तम गुण मिळवलेले असंख्य विद्यार्थी त्यात अडखळले. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एरिक मझूर यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली तेव्हा त्यांनाही धक्का बसला. विद्युत मंडलाचे किचकट उदाहरण सोडवणारी त्यांची मुले, एक दिवा काढला तर दुसऱ्याचा प्रकाश वाढेल की कमी होईल, एवढ्या प्रश्नाशी थबकत होती. त्याआधी १९८१ मध्ये मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले होते, की नवशिके विद्यार्थी उदाहरणांची वर्गवारी ‘उताराचे’, ‘कप्पीचे’, ‘स्प्रिंगचे’ अशी करतात, तर जाणकार माणूस ती मागच्या तत्त्वावरून, म्हणजे ऊर्जेचे की बलाचे अशी करतो. उताराचे उदाहरण म्हणून तोंडपाठ केलेली रीत कप्पीपाशी का अडते, हे यातून उलगडते.

होमी भाभा केंद्रातही अरविंद कुमार, जयश्री रामदास आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये संदर्भचौकट या संकल्पनेबाबत असाच शोध घेतला. पदवीच्या विद्यार्थ्यांनाही चौकट म्हणजे भिंती असलेली, कोठेतरी संपणारी वस्तू वाटते, असे त्यांना आढळले. आगगाडीची चौकट डब्याच्या दारापाशी संपते, असा तो समज. प्रत्यक्षात गाडीतल्या माणसाला दूरचा डोंगरही आपल्याच चौकटीतून मोजता येतो. सापेक्ष वेगाची उदाहरणे हीच मुले बिनचूक सोडवीत असतील, यात शंका नाही.

मग उदाहरणे सोडून द्यावीत काय? तसे म्हणणे आततायीपणाचे होईल. ग्रहण ‘लवकरच’ लागेल, असे म्हणणाऱ्याला आकाश खोटे पाडू शकत नाही. अमुक वाजून अमुक मिनिटांनी लागेल, असे म्हणणाराच खोटा ठरू शकतो, आणि म्हणून त्याच्याच म्हणण्याला किंमत येते. आकडा हा विज्ञानाचा हट्ट नव्हे, तर स्वतःला पकडून देण्याची त्याची सोय आहे. बिघाड होतो तो आकडा आल्यावर कोणी गच्चीत जात नाही तेव्हा.

गच्चीत जाणारा एक माणूस १९३३ मध्ये बंगळूरला आला आणि १९७० मध्ये येथेच देह ठेवीपर्यंत येथलाच झाला. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२१ मधील समुद्रप्रवासाची हकिकत पुष्कळदा सांगितली जाते, पण तिचा गाभा सांगायचा राहून जातो. समुद्राचा निळा रंग हे आकाशाचे प्रतिबिंब होय, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. परत येताना ‘नारकुंडा’ जहाजाच्या डेकवरून रामन यांनी निकोल लोलकातून पाण्याकडे पाहिले. विशिष्ट कोनातून पाहिले असता पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश या लोलकाने जवळजवळ पूर्ण अडवता येतो. निळा रंग प्रतिबिंबाचा असता तर तो नाहीसा व्हायला हवा होता. तो उरला, नव्हे अधिक खुलला. म्हणजे तो पाण्याच्या आतून, रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशातून येत होता. ही टिपणी त्यांनी मुंबई बंदरातूनच ‘नेचर’ नियतकालिकाकडे धाडली. खिशात मावणाऱ्या लोलकाने जगन्मान्य शास्त्रज्ञाचे मत तपासता येते, आणि तपासल्याने त्या शास्त्रज्ञाचा अपमान होत नाही, हे त्या प्रवासाचे सार. १९२८ च्या शोधाकडे जाणारी वाट येथूनच निघाली.

बोम्मसंद्र्याहून ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेने आर. व्ही. रोडला जाऊन हिरवी मार्गिका धरली, की चौथे स्थानक ‘नॅशनल कॉलेज’ येते. या महाविद्यालयात डॉ. एच. नरसिंहय्या यांनी पदार्थविज्ञान शिकवले आणि पुढे प्राचार्यपद भूषवले. अमेरिकेतील ओहायो येथून अणुकेंद्रीय भौतिकीत डॉक्टरेट घेऊन आलेला हा खादीधारी ब्रह्मचारी आयुष्यभर वसतिगृहाच्या खोलीत राहिला. १९६२ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या बंगळूर सायन्स फोरममध्ये कोणीही यावे, शास्त्रज्ञाचे व्याख्यान ऐकावे आणि त्याला प्रश्न विचारावेत, अशी मोकळीक होती. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना १९७६ मध्ये त्यांनी चमत्कारांची तपासणी करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा मोठे वादळ उठले. त्यांच्या मागणीत नवे काही नव्हते. दिलेले लिहा, काढायचे लिहा आणि सर्वांसमक्ष करून दाखवा, एवढीच ती होती.

त्याच मेट्रोत एक उदाहरण दडले आहे. बोम्मसंद्रा ते आर. व्ही. रोड हा मार्ग १९.१५ किलोमीटरचा, त्यावर १६ स्थानके. समजा प्रवासास ३८ मिनिटे लागली. सरासरी चाल ताशी सुमारे ३० किलोमीटर येते. पण गाडी ताशी ३० ने कितीसा वेळ धावली? स्थानकात ती उभी होती, मधल्या पट्ट्यात त्याहून कितीतरी जोरात गेली. मग ३० हा आकडा कशाचा? आणि संध्याकाळी घरी परतल्यावर दिवसभराचा सरासरी वेग शून्य, हे ऐकून जे मूल ‘मग मी दमलो कसा?’ असे विचारते, त्याला विस्थापन आणि अंतर यांतला फरक उमगायला लागला आहे असे खुशाल समजावे.

बंगळूरमध्ये मराठीतून शिकणाऱ्या मुलापुढे एक आणखी गंमत असते. मराठी पाठ्यपुस्तकात काम करण्याची क्षमता ती ‘ऊर्जा’ आणि काम करण्याचा दर ती ‘शक्ती’. शेजारच्या कन्नड शाळेतले मूल ऊर्जेलाच ‘शक्ती’ म्हणते आणि दराला ‘सामर्थ्य’. एकाच गल्लीत खेळणाऱ्या दोन मुलांच्या वह्यांत एकच शब्द दोन अर्थांनी बसलेला असतो. यात घोटाळा आहे तशी संधीही आहे, कारण शब्द आणि संकल्पना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या सहजपणे एकभाषिक गावात शिकवता येत नाही. ज्यूल आणि वॅट लिहिले की दोघांचे भांडण मिटते.

विजेच्या बिलावरही दोन्ही राशी शेजारी शेजारी छापलेल्या असतात. मंजूर भार किलोवॅटमध्ये, म्हणजे शक्ती. वापर युनिटमध्ये, म्हणजे ऊर्जा. २,००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला तर एक युनिट वीज जळते, हे उदाहरण दहावीचे मूल तोंडी सोडवते. त्याला घरातली बाकीची उपकरणे बंद करून, गिझर लावून, जिन्याखालच्या मीटरपाशी अर्धा तास उभे करावे. मीटर बहुधा एक युनिट दाखवत नाही, कमी दाखवतो. उत्तर तर बरोबर होते. मग मूल गिझरपाशी जाते, त्यावरचा लाल दिवा मधेच विझलेला पाहते, पाणी तापले की आतला थर्मोस्टॅट वीज तोडतो हे त्याच्या ध्यानात येते, आणि वहीतल्या ‘दिलेले’ या शब्दापुढे ते एक नवी ओळ लिहिते.